पोलिश कॉमिक्स: दुसऱ्यांच्या पानांवर वाढलेली कला

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘थोरगल’ ही मालिका इंग्रजीत वाचताना तिचा मूळ चित्रकार पोलिश असल्याचे कळले, मग पोलंडमध्ये कॉमिक्सची स्वतःची परंपरा होती का, असल्यास ती कम्युनिस्ट राजवटीत कशी टिकली, आणि आज वाचायला कुठून सुरुवात करावी? मी चित्रकथा रेखाटतो आणि शिकवतोही, त्यामुळे उत्तर देताना माझे लक्ष राजकीय इतिहासापेक्षा छापलेल्या पानाकडे अधिक राहील.

परंपरा होती आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र ती समजून घेण्यासाठी एक बाब आधी ध्यानात ठेवावी लागते. १९८९ पर्यंत पोलंडमध्ये कॉमिक्सचा स्वतंत्र व्यवसाय जवळजवळ नव्हताच. अमेरिकेत दरमहा अंक काढणाऱ्या कंपन्या होत्या, बेल्जियममध्ये केवळ कॉमिक्ससाठी निघणारी साप्ताहिके होती. पोलंडमध्ये ही कला कायम दुसऱ्याच्या घरी भाडेकरू म्हणून राहिली. कधी विनोदी साप्ताहिकात, कधी सायंदैनिकात, कधी स्काउट मुलांच्या वृत्तपत्रात, तर कधी पोलीस खात्याच्या प्रचारासाठी काढलेल्या पुस्तिकांत. सेन्सॉरशिपविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण पानाची लांबी, भागांची लय, कथेचा विषय आणि एकट्याने सगळे करण्याची सवय या गोष्टी घडवल्या त्या या परावलंबी मुक्कामाने, असे माझे मत आहे.

पोलिश कॉमिक्सचा आरंभ साधारणपणे फेब्रुवारी १९१९ असा मानला जातो. त्या महिन्यात ल्वूफ शहरातील (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) ‘श्चुतेक’ या विनोदी साप्ताहिकात वेड्या ग्झेशच्या साहसांची चित्रमालिका सुरू झाली. चित्रे कामिल मात्स्क्येविच यांची आणि मजकूर स्तानिस्वाव वासिलेव्स्की यांचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, ल्वूफवर पोलिश आणि युक्रेनियन सैन्यांत लढाई चालू होती, आणि मालिकेचा नायक त्याच धुमाळीत सापडलेला एक सैनिक होता. म्हणजे पहिल्याच पावलाला हे माध्यम ताज्या बातमीच्या शेजारी उभे होते. पुढे वर्तमानपत्रांनी हे नाते सोडले नाही. कातोवित्से येथील ‘शेदेम ग्रोशी’ या स्वस्त दैनिकात १९३२ पासून युद्ध सुरू होईपर्यंत फ्रान्चिशेक स्त्रुझिक यांचा बेरोजगार फ्रोन्त्सेक रोज भेटत राहिला. मंदीत होरपळलेल्या सिलेशियातील खाणकामगाराला स्वतःसारखा एक गडी रोज सकाळी पानावर दिसत होता, आणि त्या लोकप्रियतेला दुसरे स्पष्टीकरण लागत नाही.

त्याच काळात एक वेगळा प्रवाह उगम पावला, जो आजही प्रत्येक पोलिश घरात पोहोचलेला आहे. १९३३ मध्ये कवी-लेखक कोर्नेल माकुशिन्स्की आणि चित्रकार मारियान वालेन्तिनोविच यांनी कोझ्योवेक मातोवेक हा भोळा बोकड निर्माण केला. पात्सानुफ नावाच्या गावी बकऱ्यांना नाल ठोकतात असे त्याच्या कानावर येते आणि तो ते गाव शोधत जगभर भटकतो. गाव मात्र सहजासहजी सापडत नाही. पानाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे: चौकटीत चित्र, चित्राखाली चार ओळींचे यमकबद्ध पद्य, आणि चित्राच्या आत एकही शब्द नाही. संवादाचे फुगे टाळल्यामुळे चित्र मोकळे, स्वच्छ राहते. वाचणारे मोठे माणूस पद्य म्हणते आणि मूल चित्रात बोकडाला शोधते. पात्सानुफ हे खरेखुरे छोटे गाव आहे आणि तिथे आज मुलांसाठी युरोपीय परीकथा केंद्र उभे आहे, ते केवळ या बोकडाच्या पुण्याईने.

चित्राखाली मजकूर ठेवण्याची ही पद्धत केवळ आवडीचा भाग नव्हती. शिक्षक आणि समीक्षक फुग्यांकडे संशयाने पाहत. चित्रात कोंबलेल्या तुटक वाक्यांमुळे मुलांची भाषा बिघडते, असा आक्षेप होता. ‘चित्रमय गोष्ट’ चालत असे, ‘कॉमिक्स’ मात्र हलक्या प्रतीची परदेशी वस्तू समजली जाई. हा भेद पुढे युद्धानंतर राजकीय झाला. युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षे बऱ्यापैकी मोकळी गेली. वूच शहरात (नकाशावर आपण लॉड्झ असे वाचतो) वात्स्वाव द्रोझ्दोव्स्की यांची वित्सेक आणि वात्सेक ही जोडी गाजली, आणि मुलांच्या नियतकालिकांत अमेरिकन मालिकाही येत होत्या. त्यानंतर स्टालिनवादी वर्षांत कॉमिक्स म्हणजे अमेरिकन साम्राज्यवादाचे अपत्य ठरले आणि ते पानांवरून जवळजवळ नाहीसे झाले. क्राकूफच्या ‘प्शेक्रुय’ साप्ताहिकात झ्बिग्नियेव लेन्ग्रेन यांचे प्राध्यापक फिलुतेक आणि त्यांचा छोटा कुत्रा १९४८ पासून टिकून राहिले, कारण ती बहुधा निःशब्द विनोदी चित्रमाला होती आणि तिला कोणी कॉमिक्स म्हणत नव्हते.

आता या इतिहासाच्या गाभ्याकडे येतो. १९५६ मध्ये स्टालिनवादी कडकपणा सैल झाल्यावर, २२ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘श्व्यात म्वोदिख’ या स्काउट मुलांच्या वृत्तपत्रात हेन्रिक येझी ख्मिएलेव्स्की यांची ‘तितुस, रोमेक आणि आ-तोमेक’ ही मालिका सुरू झाली. स्पुटनिक अवकाशात जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि पहिल्याच भागांत ही मंडळी अवकाशप्रवासाला निघाली होती. दोन स्काउट मुले आणि तितुस नावाचा एक चिंपांझी असे हे त्रिकूट. चिंपांझीला माणूस बनवायचे, हा मुलांचा आयुष्यभराचा प्रकल्प. १९६६ पासून निघालेल्या पुस्तकांपैकी पहिल्यात तितुस सांडलेल्या शाईच्या डागातून पानावर अवतरतो आणि स्काउट होतो. दुसऱ्यात तो वाहन चालवण्याचा परवाना मिळवतो, तिसऱ्यात अंतराळवीर बनतो, चौथ्यात सैनिक. ही यादी वाचली तर ती एखाद्या सरकारी युवक-कार्यक्रमाची विषयपत्रिका वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक आदर्श भूमिकेत एक माकड शिरते, ती मनापासून निभावू पाहते आणि तिचा पार विचका करते. विषय मान्यताप्राप्त असल्यामुळे पुस्तक छापले जाई, आणि त्या विषयाचे पुढे काय होई ते मुलांना नीट दिसत असे. उडणारी इस्त्री, उडणारे न्हाणीचे टब अशी वाहने, शब्दांची मोडतोड करून घडवलेली नावे, चौकटीच्या कोपऱ्यात लपवलेले बारके विनोद, यांमुळे एकेक पान पुन्हा पुन्हा वाचावे लागते. ख्मिएलेव्स्की स्वतः १९४४ च्या, नाझींविरुद्धच्या वॉर्सा उठावातील सैनिक होते. वाचक त्यांना ‘पाप्चो ख्मिएल’, म्हणजे बाबा ख्मिएल, म्हणून ओळखत. जानेवारी २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी ते वारले. लेखन, रेखाटन आणि पात्रांची देखभाल हे सगळे त्यांनी सहा दशके एकट्याने केले, आणि व्यवसाय म्हणून स्टुडिओ नसलेल्या देशात दुसरा मार्गही नव्हता.

दुसरे मोठे नाव यानुश ख्रिस्ता यांचे. बाल्टिक किनाऱ्यावरील ग्दान्स्क येथील ‘व्येचुर विब्झेझा’ या सायंदैनिकात १९५८ पासून त्यांची काइतेक आणि कोको या खलाशी जोडीची पट्टी येत असे. १९६८ ते १९७२ या काळात त्यांनी या जोडीला अवकाशात पाठवले आणि एकच कथा हजाराहून अधिक पट्ट्यांत चालवली. विद्यार्थ्यांना मी ही कथा आवर्जून दाखवतो, कारण दैनिक पट्टीचे सगळे शिस्तपालन तिच्यात उघडे दिसते. तीन-चार चौकटींची एक आडवी ओळ. पहिल्या चौकटीत कालच्या प्रसंगाची आठवण, मधल्या चौकटींत एकच कृती, शेवटच्या चौकटीत एक तर हशा किंवा उद्यासाठी अडकवलेला प्रश्न. संध्याकाळी कामावरून परतताना ट्राममध्ये पेपर उघडणाऱ्या माणसाला काल काय झाले हे आठवत नसणार, ही जाणीव चित्रकाराने कधी सोडलेली नाही. पुढे या पट्ट्या पुस्तकात एकाखाली एक छापल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक ओळीच्या टोकाला येणारा तो ठोका स्पष्ट ऐकू येतो. सलग वाचताना काही ठिकाणी पुनरुक्ती जाणवते, तिचे कारणही हेच आहे.

१९७२ मध्ये ख्रिस्ता यांनी त्याच स्वभावाच्या जोडीला प्राचीन स्लाव्ह काळात नेले आणि काइको व कोकोश जन्माला आले: एक ठेंगणा, विचारी, दुसरा जाडजूड, खादाड आणि बढाईखोर. मिर्मिव हा भित्रा, सारखा खचणारा गढीपती, झाडूवर बसून आकाशात उडणारी चेटकीण यागा, तिचा लुटारू नवरा, पाळीव ड्रॅगन मिलुश, आणि गढीवर सतत चढाई करणारे ‘झ्बुय्त्सेझे’ नावाचे लुटारू-सरदार. या सरदारांच्या शिरस्त्राणांत आणि झग्यांत पोलिश वाचकाला ट्यूटॉनिक सरदारांची (मध्ययुगीन जर्मन लढाऊ धर्मपंथाची) छाया ताबडतोब दिसते, कारण शाळेतल्या इतिहासात ते शत्रू म्हणून ठळक आहेत. ‘अ‍ॅस्टेरिक्स’ या फ्रेंच कॉमिक्सशी तुलना नेहमी होते आणि तिला आधार आहे, तरी फरक महत्त्वाचा आहे. तिथल्या गॉल गावाकडे जादूचे पेय आहे, म्हणून त्यांचा विजय ठरलेला. मिर्मिवच्या गढीत अशी कायमची हमी नाही. तिथे जुगाड, शेजारधर्म आणि शत्रूचा मूर्खपणा यांवर दिवस निभतात. १९७५ पासून ही मालिका ‘श्व्यात म्वोदिख’मध्ये आली आणि देशभर पोहोचली. हे वृत्तपत्र आठवड्यातून तीनदा निघे आणि कॉमिक्स त्याच्या शेवटच्या पानावर असे, त्यामुळे कित्येक मुले पेपर मागून पुढे वाचत. मालिकेतील ‘उडण्याची शाळा’ हा भाग २०१७ च्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या सक्तीच्या वाचनात समाविष्ट झाला. ज्या माध्यमाला शाळेने दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, त्याच्यासाठी हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

याच ‘श्व्यात म्वोदिख’ने १९७४ पासून शार्लोता पावेल यांची ‘योन्का, योनेक आणि क्लेक्स’ ही मालिका छापली. दोन मुले आणि शाई पिऊन जगणारा एक डाग अशी तिची मांडणी आहे. पुरुषांनी भरलेल्या या क्षेत्रात एका स्त्रीने इतकी वर्षे स्वतःची मालिका सांभाळली, ही गोष्ट इतिहास सांगताना वारंवार तळटीपेत ढकलली जाते, म्हणून येथे मुख्य मजकुरात नोंदवतो. तादेउश बारानोव्स्की यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चौकट आणि भाषा या दोहोंशी खेळ केला. त्यांची पात्रे आपण कॉमिक्समध्ये आहोत हे जाणून असतात. त्यांचे शब्दखेळ अनुवादात फारसे उतरत नाहीत, आणि त्यामुळे इतका मोठा कलावंत पोलंडबाहेर जवळजवळ अज्ञात राहिला.

राज्यसंस्थेने स्वतः या माध्यमाचा वापर केला तो ‘कॅप्टन झ्बिक’मध्ये. १९६७ ते १९८२ या काळात ५३ पुस्तिका निघाल्या. नायक नागरी मिलिशियाचा, म्हणजे तेव्हाच्या पोलीस दलाचा, देखणा आणि निष्कलंक अधिकारी. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला कॅप्टनचे वाचकांना उद्देशून पत्र असे. हेतू उघड होता: पोलिसांविषयी तरुणांच्या मनात आपुलकी निर्माण करणे. कथा म्हणून बहुतेक भाग आज निर्जीव वाटतात, पण चित्रकार म्हणून मी त्या पुस्तिकांना कमी लेखू शकत नाही. वॉर्साचे रस्ते, गाड्या, दुकानांच्या पाट्या, कपडे यांची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच आढळते. शिवाय ग्झेगोश रोशिन्स्की, बोगुस्वाव पोल्ख आणि बिद्गोश्चचे येझी व्रुब्लेव्स्की या तिघांनाही वास्तववादी रेखाटनाचा सराव आणि नियमित मोबदला याच कामाने दिला. पुस्तिका वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर लाखांच्या आवृत्तीने जात आणि तरीही पुरत नसत. कागद रेशनवर होता, छपाई खराब होती, रंग रेषेबाहेर सरकत, पण मागणी कायम पुरवठ्याच्या पुढे होती.

१९७६ मध्ये ‘रिलॅक्स’ हे कॉमिक्सला वाहिलेले नियतकालिक निघाले आणि प्रथमच या कलेला स्वतःचे छप्पर मिळाले. १९८१ पर्यंत त्याचे ३१ अंक आले. रोशिन्स्की त्याचे कलासंपादन पाहत होते. त्याच सुमारास त्यांची भेट बेल्जियन लेखक झाँ व्हान हाम यांच्याशी झाली आणि मार्च १९७७ मध्ये ब्रसेल्सच्या ‘टिनटिन’ साप्ताहिकात ‘थोरगल’ सुरू झाले. ताऱ्यांवरून आलेले आणि व्हायकिंगांनी वाढवलेले मूल, जे मोठेपणी कोणत्याही सत्तेच्या सेवेत राहू इच्छित नाही आणि बायकामुलांसह शांतपणे जगू पाहते, असा हा नायक. लेखक बेल्जियन असला तरी या विषयात पोलिश वाचकाला आपले काही सापडले यात नवल नाही. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, परदेशाशी संपर्क तुटला, आणि १९८२ मध्ये रोशिन्स्की बेल्जियमला स्थलांतरित झाले. २०१८ पर्यंत त्यांनी ही मालिका रेखाटली. सुरुवातीच्या अल्बममधली (म्हणजे पुस्तकरूप भागांतली) काटेकोर शाईची रेघ आणि नंतरच्या अल्बममधली थेट रंगांनी केलेली चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर एका हाताचा चाळीस वर्षांचा प्रवास दिसतो. ‘थोरगल’ पोलिश की बेल्जियन हा वाद मला निरर्थक वाटतो. हात पोलंडमध्ये तयार झाला आणि त्याला लागणारा व्यवसाय बेल्जियममध्ये होता, एवढे सांगणे पुरेसे आहे.

पोल्ख मात्र मुख्यतः पोलंडमध्येच राहून काम करत राहिले. एका जर्मन प्रकाशनासाठी त्यांनी प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर आले असे मांडणारे लेखक एरिख फॉन डेनिकेन यांच्या कल्पनांवर आधारित आठ अल्बमांची मालिका काढली, आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘फान्तास्तिका’ मासिकात माचेय पारोव्स्की व यात्सेक रोदेक यांच्या कथेवर ‘फंकी कोव्हल’ रेखाटले. कथा भविष्यातल्या अवकाश-गुप्तहेराची, पण गुप्त पोलीस, पाळत, विकले गेलेले राजकारणी आणि बंदी घातलेल्या संघटना यांचे संदर्भ वाचक बरोबर ओळखत होते. विज्ञानकथेच्या मासिकाने दिलेला हा आसरा नसता तर प्रौढांसाठीचे पोलिश कॉमिक्स आणखी दहा वर्षे लांबले असते, असे मी खात्रीने म्हणेन.

१९८९ नंतर सेन्सॉरशिप गेली आणि तिच्याबरोबर जुनी सरकारी प्रकाशनेही कोसळली. १९९० पासून ‘टीएम-सेमिक’ने स्पायडरमॅन आणि पनिशरचे रंगीत अंक टपऱ्यांवर आणले, एक अख्खी पिढी त्यांवर पोसली गेली, आणि पोलिश चित्रकारांची मोठी संख्या जाहिरात, पाठ्यपुस्तके व अ‍ॅनिमेशनकडे वळली. जुना भाडेकरू बेघर झाला होता आणि स्वतःचे घर बांधायला भांडवल नव्हते. सांधा जोडला तो हौशी लोकांनी. १९९१ मध्ये वूच येथे देशभरातील कॉमिक्स-कर्त्यांचे पहिले संमेलन भरले, जे पुढे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाले. छायाप्रती काढून वाटलेली हौशी नियतकालिके, मग १९९९ ते २००४ या काळात मिहाव श्लेजिन्स्की यांच्या संपादनाखाली निघालेले ‘प्रोदुक्त’, यांतून काँक्रीटच्या वसाहतींत वाढलेल्या तरुणांची बोली पहिल्यांदा फुग्यांत आली. ‘कुल्तुरा ग्न्येवू’सारख्या छोट्या प्रकाशनांनी अल्बम काढायला सुरुवात केली, आवृत्ती लाखाची न राहता हजार-दोन हजारांची झाली, आणि विक्री टपरीवरून पुस्तकाच्या दुकानात गेली. आजच्या पोलिश कॉमिक्सची सर्वांत मोठी अडचण हीच आहे: दर्जा वाढला, पण दहा वर्षांच्या मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी वस्तू राहिली नाही.

याच काळात इतिहासविषयक कॉमिक्सचा पूर आला. वॉर्सा उठाव संग्रहालयाने स्पर्धा घेतल्या, राष्ट्रीय स्मृतिसंस्थेने पुस्तके काढली. हेतू आदरणीय असूनही यांतली बरीच पाने भाषणाला जोडलेल्या चित्रांसारखी आहेत. पात्रे बोलत नाहीत, माहिती सांगतात. अनुदान मिळते म्हणून विषय निवडला जातो तेव्हा जुन्या ‘झ्बिक’चाच दोष नव्या वेशात परत येतो. याउलट क्शिश्तोफ गाव्रोन्क्येविच यांनी रेखाटलेले ‘आख्तुंग झेलिग!’ (२००४) पाहावे. नाझी व्याप्त पोलंडमध्ये पळ काढणारे ज्यू बापलेक त्यात चक्क विचित्र, अमानवी चेहऱ्यांचे दाखवले आहेत, आणि कोणीही त्याविषयी एक शब्द काढत नाही. द्वेष करणाऱ्याच्या नजरेला जे दिसत होते ते थेट चेहऱ्यावर चढवण्याचा हा निर्णय कोणत्याही समितीने सुचवला नसता. माझ्या मते १९८९ नंतरचे हे सर्वांत धाडसी पोलिश काम आहे.

माझेना सोवा यांची ‘मार्झी’ ही मालिकाही याच संदर्भात महत्त्वाची. रोशिन्स्कींप्रमाणेच त्यांचा जन्म स्तालोवा वोला या पोलादनगरीतला. ऐंशीच्या दशकातले बालपण त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिले, सिल्व्हाँ साव्होया यांनी रेखाटले, आणि २००५ पासून ते बेल्जियममध्ये प्रसिद्ध होऊ लागले. दुकानापुढच्या रांगा, न्हाणीच्या टबात सोडलेला नाताळचा जिवंत मासा, बाबांचा संप: मोठ्यांचे राजकारण मुलीला जेवढे दिसते तेवढेच पानावर येते, आणि तेवढे पुरते.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर भाषेवर अवलंबून आहे. पोलिश येत नसेल तर इंग्रजीत ‘थोरगल’ आणि ‘मार्झी’ उपलब्ध आहेत. ‘थोरगल’चे पहिले दोन अल्बम काहीसे चाचपडणारे वाटतील, पण तिसऱ्यापासून मालिका पकड घेते. ‘काइको आणि कोकोश’चे काही भागही इंग्रजीत निघाले आहेत आणि २०२१ पासून त्याची अ‍ॅनिमेशन मालिका नेटफ्लिक्सवर आहे, मुले घरात असतील तर तिथून सुरुवात करण्यास हरकत नाही, मात्र नंतर पुस्तक हाती घ्यावे, कारण ख्रिस्ता यांच्या चौकटीतील गर्दी पडद्यावर पातळ झाली आहे. थोडीफार पोलिश शिकत असाल तर मातोवेक बोकडापासून आरंभ करावा: पद्ये छोटी आहेत, यमक उच्चार शिकवते आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ वरचे चित्र सांगते. तितुसची पुस्तके त्यानंतर, शब्दकोश जवळ ठेवून, आणि शक्यतो जुन्या आवृत्तीत वाचावीत. नव्या छपाईत रंग चकचकीत झाले आहेत, तर जुन्या पानांत त्या काळच्या कागदाशी आणि शाईशी जुळवून घेतलेली रेघ जशी उमटली होती तशी पाहायला मिळते.